लिंबोणीखाली नेलेलं पिल्लू

शिरड शहापुरात कुणाच्या मांजरीला लंगडं, आंधळं नाहीतर वाकडं पिल्लू झालं, की ते फिरून फिरून माझ्याच दारात येतं. आणणारा माणूस टोपली पायरीवर ठेवतो, "बघा बाई, जगलं तर तुमचं," म्हणतो आणि मागं वळूनही न पाहता सटकतो. जगलं तर माझं, आणि मेलं तरी माझंच! शेजारची जाऊबाई तोंडावर म्हणते, "लंगड्यांचा दवाखाना उघडलाय बाईनं." उघडलाय तर उघडलाय. तुझ्या घरी दूध मागायला येते का मी? दावणीला माझ्या शेळ्या आहेत.

काम तसं जगावेगळं नाही. शेळीचं दूध कोमट करायचं, पिल्लू पोटावर धरायचं आणि ड्रॉपरनं थेंब थेंब पाजायचं. उताणं धरलं की दूध छातीत जातं आणि पिल्लू हातातच जातं. पाजून झालं की ओल्या फडक्यानं खालून पुसायचं, कारण एवढ्याशा जिवाला आपलं आपण मुतताही येत नाही, त्याची माय चाटते तेव्हा ते मोकळं होतं. ज्याचे पाय फाकतात त्याला फरशीवर सोडायचं नाही, खाली गोणपाट टाकायचं. आंधळ्याची टोपली जागची हलवायची नाही. एवढं सांभाळलं तर बरीच जगतात. माझी एक तीन पायांची आहे, ती गावातल्या चार पायांच्या बोक्यांना पळवून लावते.

पण मागच्या हिवाळ्यात आलेलं पिल्लू मला अजून नीट उमगलेलं नाही. लिहिताना शाळेतली भाषा हाताला येते, त्यामुळं सगळं सरळ घडलं असं वाटेल. तेव्हा सरळ काहीच नव्हतं.

माझी लेक पहिल्या बाळंतपणाला घरी आली होती. मुलगा झाला. एक रात्र दवाखान्यात राहिला आणि उजाडता उजाडता गेला. जन्मताच छातीत जोर नव्हता त्याच्या, दोष कुणाला द्यायचा? इतक्या लहान लेकराला आपल्यात जाळत नाहीत, पुरतात. आमचे मालक आणि जावई त्याला कापडात घेऊन शेतात गेले, मीठ घालून पुरलं, वर काटे टाकले आणि विहिरीवर अंघोळ करून परत आले. बायका जात नाहीत. आईला तर ती जागा कधीच दाखवत नाहीत. जागा कळली की तिचा जीव तिथं गुंततो आणि पुढं कूस धरत नाही, असं म्हणतात. माझ्या आईलाही माझ्या पाठच्या भावाची जागा कुणी दाखवली नव्हती, आणि तिनंही कधी विचारल्याचं मला आठवत नाही.

माझ्या लेकीनं विचारलं. जावई कामावर परत गेले, आणि ती खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडली ती पडलीच. रडणं नाही, खाणं नाही. छातीला कापड घट्ट बांधलं तरी झंपर ओला व्हायचा आणि घरभर त्या दुधाचा आंबूस वास राहायचा. दिवसाकाठी एकच वाक्य, तेही भिंतीला: "कुठं ठेवलंय त्याला?"

"नको इचारू लेकरा," मी म्हणायची. "तोच येईल परत तुझ्या पोटी."

बायाबापड्या असंच सांगतात, म्हणून मीही सांगायची. तिचे वडील तो प्रश्न ऐकला की उठून बाहेरच जायचे. तिचे ओठ पांढरे पडत चालले. येता-जाता मी तिच्या नाकापुढं हात धरून बघायची, श्वास चालू आहे ना म्हणून. ही पोरगी आपल्या हाताला लागते का तीही जाते, ह्यापलीकडं माझ्या डोक्यात काही नव्हतं.

अशात सिद्धेश्वर धरणावर मासे धरणारा एकजण टोपली घेऊन दारात उभा. मला तिडीकच आली.

"आरं, माझ्या घरात काय चालू हाय, ठाऊक न्हाई का तुला?"

"हाय मावशी, ठाऊक हाय. पण पाण्यात टाकायला हात उचलंना. आन घरात ठिवायला बायको भिऊन राहिली."

फडकं बाजूला केलं तेव्हा कळलं बायको काहून भिऊन राहिली ते. राखाडी पिल्लू, मुठीत मावेल एवढं. डोळे उघडलेले, पण त्यांत बुबुळ नाही, नुसती पांढरट साय. मान सारखी डुलायची, कुणाला तरी नाही नाही म्हणत असल्यासारखी. तोंड उघडायचं पण आवाज निघायचा नाही. आणि मधेच, काही कारण नसताना, ती मान एकदम थांबायची. आंधळं तोंड कुठंतरी वर वळायचं आणि तिथंच खिळायचं. आपण वळून बघावं तर तिथं काही नसायचं.

हिंगोलीला गुरांच्या डॉक्टरकडं घेऊन गेले. ते म्हणाले, "जन्माचंच आहे हे. तोल सांभाळणारा मेंदूचा भाग वाढलेला नाही. ह्यानं दुखत नाही, दोष पुढं वाढतही नाही. पोटात दूध गेलं तर जगेल." बाकावर बसलेली एक बाई टोपलीत डोकावली आणि म्हणाली, "या अल्ला, ये किसको देख रहा है?" आणि आपलं लेकरू ओढणीखाली घेऊन पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. एसटीतही माझ्या शेजारची जागा शिरडपर्यंत रिकामी राहिली. गर्दीच्या गाडीत एवढं सुख मला कधी मिळालं नव्हतं, पण तेव्हा हसू आलं नाही.

पोटात दूध जाणार कसं? मान डुलायची, ड्रॉपर नाकात जायचा, दूध गालावरून ओघळायचं. दोन दिवसांत पिल्लाची कातडी सैल झाली. त्याला मांजरीचं आचळच हवं होतं. एकदा तोंडात धरलं की मान हलली तरी ते सुटत नाही.

मांजर होती. आमच्याच कडब्याच्या खोपटात व्यालेली काळी. पण तिच्याजवळ ह्याला ठेवलं की ती फिस्कारून पंजा उगारायची, स्वतःची पिल्लं पोटाशी असताना परकं कशाला घेईल? मग एका संध्याकाळी बोका शिरला खोपटात. मेल्यानं एकही ठेवलं नाही. काळी बाहेरून आली, एकेकाला चाटलं, हलवलं, आणि मग घरभर हिंडत हाका मारत सुटली. पिल्लं बोलवायची मांजरीची हाक वेगळी असते, घशातल्या घशात घुमणारी. लेक खाटेवर कानांवर हात ठेवून पडली होती.

माझं माहेर मेंढरं-शेरडं राखणाऱ्यांचं. मेंढीचं कोकरू मेलं आणि दुसरीकडं एखादं कोकरू बिनमायचं झालं, की माझा बाप मेलेल्याची कातडी काढून त्या जित्या कोकराला झुलीसारखी घालायचा. मेंढी वास घ्यायची, आपलंच समजून पाजायची. दोन-चार दिवसांत कातडी काढून टाकायची, तोवर दूध अंगी लागलेलं असतं. लहानपणी मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला कुणी समजावलं नव्हतं. सकाळी मेलेलं पाहिलेलं कोकरू दुपारी माझ्याकडं चालत आलं. आठ पाय होते त्याला, चार चालणारे आणि चार नुसते लोंबकळणारे. मी ओरडत रानात पळाले होते.

कातडी काढायचं माझ्याच्यानं झालं नाही. मी मेलेलं एक पिल्लू उचललं आणि त्याचं अंग ह्या आंधळ्याच्या अंगाला घासलं. पाठीला, पोटाला, शेपटीखाली, डोक्याला. मग मेलेली सगळी नेऊन परसात लिंबोणीखाली पुरली. आंधळ्याला काळीच्या जागेवर ठेवलं आणि दाराआड उभी राहिले. काळी आली. वास घेतला. पुन्हा घेतला. मग ती अशी काही हाक मारून त्याच्यावर पडली की माझ्या डोळ्यांना पाणी आलं. पिल्लानं आचळ धरलं. मान डुलत होती, पण आचळ सुटलं नाही. मी मनात म्हटलं, बापाची विद्या कामी आली.

टोपली मी खोपटातून घरात आणली, लेकीच्या खाटेखाली, बोक्याचं भय नको म्हणून. वास कसा लावला ते मी तिला सांगितलं, ती ऐकत होती की नाही कुणास ठाऊक. काळी यायची, पाजायची, जायची. पिल्लाचं पोट भरू लागलं.

मग त्याच्या अंगाला माती दिसू लागली.

पहिल्यांदा वाटलं, काळीच्या पायांची असेल. पुसली. दुसऱ्या दिवशी कानांत माती, नाकपुडीत माती. आंधळ्या डोळ्यांवर मातीचा थर. टोपलीत गोणपाट कोरडं, स्वच्छ. जे पिल्लू चार पावलं चाललं की कोलमडतं, ते टोपलीच्या काठावरून बाहेर जाऊन माती लावून परत येईल कसं? आणि अंग गार. दूध पिऊन मायेच्या उबेत झोपलेल्या पिल्लाचं अंग गार कसं?

तिसऱ्या खेपेला जाऊबाई बसलेली होती. तिनं पिल्लू बघितलं, खाटेवरच्या माझ्या लेकीकडं बघितलं आणि मला डोळ्यांनी बाहेर बोलावलं.

"वैनी, तुमी बघितलं न्हाई का? पोरीच्या नखांत माती हाय."

"काहीबाही बोलू नको."

"मी कशाला बोलू? ओल्या बाळंतिणीच्या मागं काय काय लागतं, तुमाला ठाऊक न्हाई का? ते पिल्लू घरातून काढा आधी."

मी तिला फटकारून घालवलं. पण आत आले आणि लेकीचा हात हळूच उचलून पाहिला. नखांत माती होती. काळी, ओलसर, परसातली. ती डोळे मिटून पडली होती. खोटं कशाला सांगू, माझ्या मनात जे आलं ते आईच्या मनात येऊ नये. जी पोरगी पाणी प्यायला उठत नाही, ती मला न कळता उठते, पिल्लू नेते, पुरते आणि परत काढून आणते? कशासाठी? आणि एखाद्या दिवशी परत आणलं नाही तर? मालकांना सांगायची छाती झाली नाही. सांगितलं असतं तर ते पिल्लू कुठंतरी सोडून आले असते, आणि पोरीला कुणा देवऋष्याकडं न्या म्हणणारे गावात कमी नाहीत.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, "शेळ्यांना पाला आणून येते गं," आणि गल्लीतून वळसा घालून परसामागच्या भिंतीशी येऊन थांबले. ऊन लख्ख होतं. मालक शेतात. आळीत कुणाचा आवाज नाही, कुत्रंसुद्धा सावलीला निपचित. भिंतीच्या भगदाडातून मला मागचं दार आणि लिंबोणी दिसत होती.

काळी दारातून बाहेर आली. तोंडात आंधळं पिल्लू, मानेला धरलेलं. ती सरळ लिंबोणीखाली गेली. जिथं मी पुरलं होतं तिथंच तिनं ते खाली ठेवलं. घशातली ती हाक मारली, जमिनीकडं तोंड करून. थांबली. पुन्हा मारली. आणि पिल्लाची डुलती मान थांबली. ते आंधळं तोंड जमिनीकडं वळलं आणि कान देऊन राहिलं. मग काळी पिल्लाला पोटाशी घेऊन त्या मातीवर आडवी झाली, त्याला पाजलं, चाटलं. उठली. आणि दोन्ही पंजांनी त्याच्यावर माती ओढू लागली. हळूहळू, लेकराच्या अंगावर पांघरूण घालावं तशी. पिल्लू हलतही नव्हतं.

मी भिंतीला वळसा घालून धावले. आत शिरले तर दाराच्या उंबऱ्यावर माझी लेक बसलेली. केस मोकळे, तोंड पांढरंफटक, नजर काळीवर.

"थांब माय," ती म्हणाली. "झालं की ती जाती. मग मी आणते त्याला."

"तू... रोज?"

"रोज नेऊन राहिली ती. मी रोज आणून राहिले."

काळी गेली. लेक उठली, भिंतीला धरत धरत लिंबोणीपर्यंत गेली, मातीत हात घातला आणि पिल्लू बाहेर काढलं. पदरानं त्याचं नाक पुसलं आणि त्याला झंपराच्या आत छातीशी धरलं, उबेला. तिथं ते कुशीत शिरून मान डुलवत राहिलं.

"मला सांगितलं काहून न्हाई गं?" मी जवळजवळ ओरडलेच.

"तू त्याला मेलेल्याचा वास लावला माय. तिला वाटतं हे त्यांच्यातलंच हाय. म्हणून त्यांच्यापाशी नेती." तिचा आवाज इतके दिवस न बोलल्यामुळं खरखरीत झाला होता. "तू मलाबी तेच सांगून राहिली. तोच येईल, तोच येईल. तो न्हाई यायचा. दुसरं आलं तर ते दुसरंच राहील. त्याला कशाला ह्याचा वास लावायचा?"

मी तिच्या पदराला लागलेली माती झटकत राहिले.

"तिला तिची जागा ठाऊक हाय," ती म्हणाली. "मांजर हाय ती, तरी तिला ठाऊक हाय. मलाच काहून न्हाई दावत?"

त्या दुपारी आम्ही दोघींनी मिळून पिल्लाला न्हाऊ घातलं. कोमट पाणी, हरभऱ्याचं पीठ, पुन्हा पाणी, मग जुन्या लुगड्यानं कोरडं. लेकीनं धरलं, मी चोळलं. काळी आली, वास घेतला, फिस्कारली आणि उडी मारून माळवदावर गेली. आता दूधही गेलं, असं वाटलं. लेक म्हणाली, "बसू दे तिला." दिवस मावळायला आला तेव्हा काळी उतरली, आचळं तटतटलेली. टोपलीभोवती फिरली. परत गेली, परत आली. मग एकदम तिनं त्याला नखशिखांत चाटायला घेतलं, नुकत्याच जन्मलेल्याला चाटावं तसं, आणि कुशीवर पडली. तिच्या घशातून ती हाक आली नाही. लिंबोणीकडं ती पुन्हा गेली नाही.

लेकीनं त्या दिवशी अर्धी भाकरी खाल्ली. पण खाऊन पुन्हा भिंतीकडं तोंड केलं, आणि मी ओळखलं, तिचं मागणं अजून तिथंच आहे.

मालक हात धुऊन जेवायला बसले तेव्हा मी म्हणाले, "आवं, उद्या तिला शेतात न्या."

"येडी झाली का?"

"झाले. तुमी न्या."

"आजवर कुणी नेलं न्हाई."

"मी कुठं म्हणते नेलं म्हणून? पोरगी डोळ्यादेखत संपून राहिली, आन तुमी आजवरचं काय सांगता? पुढची कूस कूस करता, आधी ही तर राहू द्या!" माझा आवाज चढला होता. त्यांनी ताट सरकवलं आणि बाहेर निघून गेले. मला वाटलं, झालं, आता हे महिनाभर बोलणार नाहीत.

सकाळी ऊन वर आल्यावर ते चपला घालून दारात येऊन उभे राहिले. खाटेकडं न बघता म्हणाले, "चल बाई."

आम्ही तिघं हळूहळू गेलो. हळदीच्या वाफ्यांच्या कडेनं, पार शेवटच्या बांधापर्यंत. पाला पिवळा पडून आडवा झालेला होता. बांधाच्या आतल्या अंगाला बोराटीचे काटे रचलेले होते, ताजे, हिरवे. आजूबाजूला गवताची एक काडी नव्हती. मालकांनी काटे उचलून बाजूला ठेवले. मला तेव्हा समजलं की रोज पहाटे "लाईट आली, मोटर चालू करायची" असं सांगून हे कुठं येत होते.

लेक खाली बसली. मी तिच्यामागं उभी, ती कोसळली तर धरायला. ती मातीकडं बघत राहिली आणि मग म्हणाली, "बाबा, डोकं कुंकडं हाय?"

मालक गुडघ्यावर बसले. जराही न अडखळता त्यांनी एका जागी हात ठेवला. "हिकडं. उशाला माझा रुमाल दिलाय, घडी करून."

लेकीनं आपला एक हात त्यांच्या हाताशेजारी ठेवला. दुसरा हात पुढं सरकवत नेला आणि विचारलं, "आन पाय?"

त्यांनी तिचं मनगट धरून तो हात थोडा मागं आणला, आणखी थोडा मागं आणला, आणि थांबवला. ती आपल्या दोन हातांमधल्या मातीकडं बघत राहिली.

"एवढंच व्हतं का, बाबा?"

"एवढंच व्हतं बाई."

तेव्हा ती रडली. बांधापलीकडच्या शेतात निंदणाऱ्या बाया उठून उभ्या राहिल्या, इतकी मोठ्यानं. मी तिला गप्प केलं नाही.